प्रतिकृतींवरील धातुछटा व क्रोम लेप

विमान, मोटार, आगगाडी यांच्या लहान प्रतिकृतींना किंवा तान्ह्या पोळ्याला मुले ओढतात त्या लाकडी नंदीला खऱ्या धातूची झळाळी देण्याचे तंत्र. यात रंग, पत्रा व मुलामा असे तीन मार्ग आहेत. चमक आणि टिकाऊपणा यांचे या कामात सहसा वाकडे असते. कोणता मार्ग किती टिकेल, हे मुख्यतः एका गोष्टीवर ठरते : पृष्ठभागावर धातूचा अखंड थर आहे, की बंधकात बसलेले सुटे कण.

चंदेरी रंगात ॲल्युमिनियमचे चपटे कण असतात. ते पृष्ठभागाला समांतर आडवे पडले तरच आरशासारखे काम करतात. वेडेवाकडे बसले की प्रकाश विखुरतो आणि रंग राखाडी दिसतो. कणाचा आकारही महत्त्वाचा. ३० मायक्रोमीटरचा कण १:७२ प्रमाणाच्या विमानावर खऱ्या विमानावरील २ मिलिमीटरहून मोठ्या ठिपक्याएवढा ठरतो. त्यामुळे दाराखिडक्यांना लावायचा चंदेरी रंग लहान विमानावर भरड दिसतो. प्रतिकृतींसाठीचे लॅकर अतिशय बारीक कणांचे असतात.

खरी मेहनत रंगाआधीची आहे. धातुछटा पृष्ठभागावरचा एकही दोष झाकत नाही, उलट उठून दाखवते. सांधे लांबीने भरून, बारीक पॉलिश पेपरने पाण्यात घासून, त्यावर चकचकीत काळे अस्तर देतात व ते पूर्ण वाळू देतात. क्रोमछटेचे लॅकर त्यावर एअरब्रशने १२ ते १५ पीएसआय एवढ्या कमी दाबाने, धुक्यासारख्या पातळ हातांनी मारतात. जाड हात दिला की आरसा जाऊन साधा चंदेरी रंग उरतो. काळे अस्तर मऊ असेल तर लॅकरमधील द्रावक त्यात शिरतो आणि चमक जाते.

नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बांधलेले मिग-२१ हा या तंत्राचा उत्तम कस आहे. सुरुवातीच्या काळात त्यांतील अनेक विमाने रंगाविना, उघड्या धातूची होती. अशा विमानाचे पत्रे एकाच छटेचे नसतात. जेट इंजिनाच्या मागील तोंडाजवळचा भाग तापून काळपट-तपकिरी होतो. प्रतिकृतीत सगळे विमान एकसारखे चमकवले तर ते खेळणे दिसते. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचे काम निराळे : तिथे बंपर, जाळी आणि दिव्यांच्या कडा तेवढ्या क्रोमच्या, पण त्यांत आरशाची धार हवी.

प्रतिकृतीच्या संचातील सुट्या भागांवर मिळणारा तयार ‘क्रोम’ मुलामा बहुधा क्रोमियमचा नसतो. निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ करून तिचा अतिपातळ थर प्लास्टिकवर बसवलेला असतो आणि त्यावर पारदर्शक लॅकर असते. थर अखंड असल्यामुळे लॅकरखालीही तो झळकतो. भाग चौकटीतून तोडल्यावर उरणारी खूण मात्र तिथे झाकता येत नाही. चिकट पाठीचा पातळ ॲल्युमिनियम पत्राही याच जातीचा. तो बोथट काडीने दाबून बसवतात व नव्या पात्याने कापतात. मोटारीच्या पट्ट्यांसाठी त्याच्याइतके टिकाऊ काही नाही, असे या नोंदीचे मत आहे. दुहेरी वक्रतेच्या भागावर मात्र त्याला सुरकुत्या पडतात.

कणांच्या रंगावर वॉर्निश मारले की त्यातील द्रावक कणांना पुन्हा हलवतो. आरसा धूसर होतो. म्हणून कपाटात राहणाऱ्या प्रतिकृतीचा क्रोम भाग उघडाच ठेवणे शहाणपणाचे. तो शेवटी रंगवावा व हातमोजा घालून धरावा. संरक्षण हवेच असेल तर लॅकर काही दिवस वाळू द्यावे आणि पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिकचा पातळ हात द्यावा. दोन घटकांचे पॉलियुरेथेन सर्वांत कणखर, पण त्यातील आयसोसायनेट श्वसनाला घातक असते. योग्य श्वसनयंत्राशिवाय ते घरी फवारू नये.

विदर्भातील वणीच्या शेजारच्या मारेगावासारख्या ठिकाणी हवामानही आड येते. उन्हाळ्यात लॅकरचे थेंब पृष्ठभागावर पोचण्याआधीच वाळतात आणि लेप खरखरीत होतो. तेव्हा पहाटे काम करावे व संथ वाळणारा थिनर वापरावा. पावसाळ्यात द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर साचते आणि पांढरट झाक येते. विदर्भात तान्हा पोळा श्रावणी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी येतो, म्हणजे नंदी रंगवायची घाई नेमकी याच दिवसांत असते. नंदी उन्हाळ्याच्या अखेरीस रंगवून ठेवणे उत्तम. नंदीला तांबे-जस्ताच्या पुडीचा सोनेरी रंग दिला, तर तो काही काळाने काळपट-हिरवट पडतो. अभ्रकाच्या कणांचा सोनेरी रंग असा बदलत नाही.

पोळ्याला खऱ्या बैलांच्या शिंगांना बेगड लावण्याची पद्धत जुनी आहे. बेगडही अखंड थरच, त्यामुळे त्यावर वॉर्निश चालते. मुलांच्या हातात दिवसभर ओढला जाणारा नंदी असेल, तर त्याच्या शिंगांसाठी महागड्या क्रोम लॅकरपेक्षा वॉर्निश दिलेली बेगडच सरस ठरते.