भिंती वेगळ्या, हौद एकच

वाड्यातील बिऱ्हाडांच्या भिंती कितीही पक्क्या असोत. हौद एकच असला, तर एकाची तोटी रात्रभर उघडी राहताच सकाळी सर्वांच्या घागरी रित्या राहतात. एकाच संगणकात अनेकांना नांदवू पाहणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न उभा राहिला.

त्याचे एक जुने उत्तर अमेरिकेतील केंब्रिज येथील आहे. तेथील आयबीएमच्या केंद्रात रॉबर्ट क्रीझी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेली सीपी-४० ही यंत्रणा जानेवारी १९६७ मध्ये कामास लागली. एका यंत्रावर एकाच वेळी चौदा आभासी यंत्रे चालत. कर्त्यांनी स्मृतीची वाटणी तर केलीच. शिवाय खऱ्या डिस्कचे भाग पाडून ज्याची त्याची 'मिनिडिस्क' तोडून दिली. एकाची कणगी भरली, तर अडचण त्याचीच. शेजाऱ्याला झळ नाही.

पुढे मार्च २००० मध्ये फ्रीबीएसडी ४.० या प्रणालीबरोबर पौल-हेनिंग कांप यांनी रचलेली 'जेल' ही व्यवस्था आली. जेलमधील सर्वाधिकारी 'रूट'सुद्धा बाहेरच्या फाइलींना हात लावू शकत नसे. पण आतील फाइली वाढतच गेल्या, तर? अनेक जेल एकाच साठ्यावर असले, म्हणजे एकाच्या नोंदवहीने साऱ्यांची जागा गिळावी, आणि निरपराध शेजारी बंद पडावा! म्हणून जाणते व्यवस्थापक प्रत्येक जेलला डिस्कचे स्वतंत्र पार्टिशन देऊ लागले. केंब्रिजचीच युक्ती ती.

तिच्यात एक उणीव मात्र होती. वाटणी आरंभीच ठरे. एकाची कोठी ओसंडे, तर दुसऱ्याची रिकामी पडून राही. सन कंपनीने २००५ मध्ये खुली केलेली 'झेडएफएस' ही साठवण-पद्धती २००८ मध्ये फ्रीबीएसडी ७.० मध्ये आली, तेव्हा ही अडचण पुष्कळ कमी झाली. साठा सामाईक, पण प्रत्येकाला कमाल मर्यादा घालता येते आणि राखीव वाटाही ठेवता येतो.

या दोहोंतील भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. मर्यादा आवरते ती हावऱ्याला. पण सर्वांच्या मर्यादांची बेरीज साठ्याहून अधिक झाली, तर मर्यादेत वागणाऱ्यालाही जागा मिळेलच असे नाही. त्याला तारतो तो राखीव वाटा. शेजाऱ्यापासून खरे संरक्षण हवे असेल, तर आपल्या वाट्याचे पाणी आधी बाजूला काढून ठेवलेले असले पाहिजे. नुसत्या भिंतीने ते काम होत नाही.