चाकाचे ऋतू

गेल्या वर्षीच्या नरकचतुर्दशीची आदली रात्र. धंतोलीतल्या आमच्या घरी चकल्यांचा शेवटचा घाणा कढईत होता, अंगणात मुलांनी आकाशकंदिलाची दोरी तिसऱ्यांदा गुंतवून ठेवली होती, आणि अशा ऐन गडबडीत कॅनडातल्या टोरांटोहून माझ्या भाचीचा फोन आला. नमस्कार-आशीर्वाद झाले, फराळाची चौकशी झाली, आणि मग ती म्हणाली, "मामा, तुम्ही आयुष्यभर इतिहास शिकवलात. आमच्या एका भांडणाचा निवाडा करून द्या."

भांडण मोटारीच्या टायरांवरून होते. ही मंडळी वसंतात तिकडे गेलेली. पहिलाच हिवाळा तोंडावर आलेला. शेजाऱ्यांचे म्हणणे, बर्फासाठी चार निराळे टायर घ्या. शेजारच्या क्वेबेक प्रांतात २००८ पासून तसा कायदाच आहे. टोरांटोत मात्र तशी सक्ती नाही, ज्याने त्याने आपल्या अकलेने ठरवायचे. आमच्या जावईबापूंचे मत ठाम होते. मोटार नवी, टायर नवे, त्यातून चारही चाकांना इंजिनाचा जोर. मग एवढे पैसे कशाला ओतायचे? भाचीचे म्हणणे एकच होते. मागच्या आसनावर चार वर्षांची लेक बसते.

आता नागपूरच्या माणसाला बर्फाचा परिचय तो रसवंतीतला! तरीही मी बाणेदारपणे सांगितले, "पाडव्याला निकाल देतो." नंतरचे दोन दिवस मी फराळ कमी आणि वाचन जास्त केले. त्या वाचनात जे सापडले, ते वाचकांपुढे ठेवतो.

पण सुरुवात बर्फापासून न करता आमच्या आजोबांच्या बंडीपासून करतो. कारण निकालाची किल्ली मला तिथेच सापडली.

बैलगाडीच्या लाकडी चाकावर जे लोखंडी कडे असते, त्याला आपल्याकडे धाव म्हणतात. ही धाव बसवण्याचा सोहळा ज्यांनी पाहिला असेल, ते तो विसरणार नाहीत. लोहार लोखंडी पट्टीचे कडे चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करी. मग गोवऱ्यांची आग पेटे, कडे लाल होई, आणि तापल्यामुळे पसरे. सांडशींनी ते उचलून चाकावर चढवायचे, घणाने ठोकायचे आणि लागलीच वर घागरींनी पाणी ओतायचे. फस्सदिशी वाफ उठे. थंड होता होता लोखंड आवळून येई, आणि तुंबा, आरे व घेर यांना असे जखडून टाकी की, सारे चाक एकजीव व्हावे.

परंतु लाकूड हा ऋतूंचा गुलाम. पावसाळ्यात ते फुगते, उन्हाळ्यात वाळून आखडते. पावसाळ्यात गच्च बसलेली धाव फाल्गुनात खुळखुळू लागते. म्हणून जाणते गाडीवान उन्हे तापू लागली की बंडी नाल्याच्या पाण्यात उभी करून ठेवीत. लाकूड पाणी पिऊन फुगे आणि धाव पुन्हा आवळून बसे. एका वर्षी आजोबांनी हा आळस केला. शेवटच्या वेच्याचा कापूस भरून बंडी कॉटन मार्केटकडे निघाली, आणि वाटेत उतारावर डाव्या चाकाची धाव निसटली. चाक बसले, बंडी कलंडली, कापूस धुळीत गेला आणि एक बैल जन्माचा लंगडा झाला. आजोबा पुढे सांगत, "चाक तेच, वाट तीच, बैलही तेच, बदलला तो महिना. मी तेवढा ध्यानात घेतला नाही."

आता रबराकडे वळू. लाकडाचा जो स्वभाव, तोच रबराचाही निघाला. फक्त उलट्या तऱ्हेने. १८३० च्या सुमारास अमेरिकेत रबराच्या बुटांचे आणि कोटांचे मोठे वेड पसरले होते. पण कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होऊन वितळे, घाण मारी. हिवाळ्यात दगडासारखे कडक होऊन तडके. लोकांनी माल परत केला आणि कंपन्या बुडाल्या. चार्ल्स गुडइयर नावाच्या एका गृहस्थाने मात्र रबराचा नाद सोडला नाही. त्याने सरकारी टपालासाठी रबरी पिशव्या केल्या. त्या उन्हाळ्याच्या उकाड्यात मऊ पडून वाया गेल्या. पुढे १८३९ मध्ये गंधक मिसळलेले रबर तापल्या चुलीला लागले, आणि वितळायच्या ऐवजी चामड्यासारखे टणक, तरी लवचिक झाले. उष्णता आणि गंधक यांचा हा संस्कार म्हणजेच व्हल्कनायझेशन. १८४४ मध्ये त्याला पेटंट मिळाले. पण खटल्यांत आणि कर्जात बुडालेला हा माणूस १८६० मध्ये ऋणको म्हणूनच वारला. त्याच्या नावाची प्रसिद्ध टायर कंपनी १८९८ मध्ये निघाली. तिच्याशी त्याचा वा त्याच्या घराण्याचा काही संबंध नव्हता.

जगाला वाटले की, रबराचा ऋतूंशी असलेला तंटा कायमचा मिटला. तो मिटला नव्हता, केवळ दूर ढकलला गेला होता. ही गोष्ट पुढे येते.

रबरात हवा भरण्याची युक्ती १८४५ मध्ये रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश तरुणाला सुचली. परंतु काळाच्या फार आधी आल्यामुळे ती विस्मरणात गेली. १८८७ मध्ये बेलफास्टचा पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने मुलाच्या तीनचाकीसाठी तीच युक्ती नव्याने शोधली, आणि सायकलींच्या मागोमाग मोटारीही हवेवर धावू लागल्या. त्या टायरांची पाठ बहुधा गुळगुळीत असे. कोरड्या रस्त्यावर ते छान पळत. बर्फ पडला की मात्र चाक जागच्या जागी गरगरे आणि मोटार तसूभर हलत नसे.

लोक चाकांना दोर गुंडाळीत. ते पाहून न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनस्टोटा गावच्या हॅरी वीडला साखळ्यांची कल्पना सुचली, आणि १९०४ मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले. आपल्यापैकी जे कुणी हिवाळ्यात मनालीला जाऊन आले असतील, त्यांनी ही वस्तू पाहिली आहे. बर्फ लागला की टॅक्सीवाला खाली उतरतो, चाकांवर साखळ्या चढवतो आणि पुढे निघतो. घाटातल्या तेवढ्या तुकड्यापुरती ही सोय उत्तम; पण मोकळ्या रस्त्यावर साखळी खडखडते, रस्ता उकरते आणि वेग धरू देत नाही. चार-पाच महिने रोज कचेरीला जाणाऱ्याने साखळ्या कितीदा चढवाव्या आणि कितीदा उतरवाव्या?

याचे उत्तर फिनलंडने दिले. वर्षाचा मोठा भाग बर्फात काढणाऱ्या या देशात नोकिया नावाचे गाव आहे. तिथल्या रबर कारखान्याने १९३४ मध्ये मालमोटारींसाठी खास हिवाळी टायर काढला. त्याच्या पाठीवर खोल आडवे दाते होते, ते बर्फात रुतून चाकाला पकड देत. दोनच वर्षांनी, १९३६ मध्ये, लहान मोटारींसाठीही तसा टायर आला. त्याचे नाव ठेवले लुमी-हाकापेलिट्टा. लुमी म्हणजे बर्फ, आणि हाकापेलिट्टा म्हणजे सतराव्या शतकातल्या युद्धांत स्वीडनच्या राजाकडून लढलेले नामांकित फिनिश घोडेस्वार. आपल्याकडे एखाद्या चाकाला बारगीर म्हणावे, त्यातलाच प्रकार! मौज अशी की, हाच रबर कारखाना १९६७ मध्ये कागद आणि तारांच्या कारखान्यांशी एक झाला, आणि त्या एकत्र कंपनीनेच पुढे नोकियाचे मोबाइल केले. आपल्या घराघरांत एकेकाळी वाजलेला तो फोन आणि बर्फातला टायर ही एका कुळातली भावंडे होत.

पुढे १९६० च्या सुमारास टायरांत पोलादी खिळे बसवण्याची टूम निघाली. निव्वळ बर्फावर हे खिळे नामी. पण बर्फ विरळ झाला की ते रस्ताच किसू लागले. जपानच्या सेंदाईसारख्या शहरांत त्या धुळीने लोकांचे श्वास कोंडू लागले, तेव्हा १९९० मध्ये तिथे कायद्याने त्यांना आळा घालावा लागला. टोरांटोच्या रहिवाशांनाही खिळ्यांचे टायर वापरता येत नाहीत. ती मुभा प्रांताच्या उत्तर भागाला आहे. तेव्हा भाचीपुढचा तो मार्ग आपोआप बंद झाला.

उरला तो बिनखिळ्यांचा हिवाळी टायर. आणि त्याची खरी करामत दात्यांपेक्षा रबरात आहे. गुडइयरचा जुना तंटा इथे पुन्हा उभा राहतो. पारा साधारण ७ अंशांच्या खाली गेला की, उन्हाळी टायराचे रबर ताठर होऊ लागते. बोटाने पाहिले तर कळतही नाही. पण ताठर रबर रस्त्याच्या बारीकसारीक खाचखळग्यांत शिरत नाही, आणि पकड तिथेच सुटते. त्यासाठी बर्फच पडायला हवा असे नाही. कोरडा, गारठलेला रस्ताही पुरतो. हिवाळी टायराचे मिश्रण असे की, ते कडाक्याच्या थंडीतही मऊ राहावे. शिवाय त्याच्या पाठीवर शेकडो बारीक चिरा असतात, त्यांच्या कडा निसरड्यावर नखांसारख्या रुततात. खोल खाचांत बर्फ गच्च भरला, तरी बिघडत नाही. बर्फाला बर्फ चिकटतो, हे गोळे करणाऱ्या पोरांनाही ठाऊक असते.

आणि चारही चाकांना इंजिनाचा जोर असला तर? सुटताना आणि चढताना त्याचा उपयोग निःसंशय आहे. पण थांबताना? ब्रेक तर साध्यातल्या साध्या मोटारीलाही चारही चाकांना लागतात. तिथे इंजिनाचे काही चालत नाही. रस्त्याला टेकलेले तळहाताएवढे चार रबरी ठसे, एवढाच आधार. उलट सुटण्यात अडचण येत नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि न थांबण्याचा प्रसंग ओढवून घेतो.

ही केवळ परदेशची गोष्ट असे कुणी समजू नये. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग खुला झाला. सरळ, लांबलचक सिमेंटचा रस्ता, वर आपले वैदर्भी ऊन, आणि गाड्यांचे टायर मात्र गल्लीबोळांत झिजलेले. टायर फुटून अपघात होऊ लागले. २०२३ मध्ये परिवहन खात्याने टायर तपासून घासलेल्या टायरांच्या गाड्या महामार्गावरून परत फिरवण्यास सुरुवात केली. मे २०१३ मध्ये ज्या गावी पारा ४७.९ अंशांवर गेला, त्या गावाला कणखर, न झिजलेला टायर हवा. मऊ हिवाळी टायर आपल्या रस्त्यावर एका वैशाखात झिजून जाईल. २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे नागपुरात ३.५ अंश नोंदले गेले होते खरे. पण ती थंडी दुपारपर्यंत टिकत नाही. टोरांटोची महिनोन्महिने टिकते.

पाडव्याच्या संध्याकाळी मी निकाल सांगितला. आधी आजोबांची बंडी सांगितली, मग बाकीचे. जावईबापूंनी शांतपणे ऐकून घेतले, आणि हिशेबी माणसाचा प्रश्न विचारला, "मामा, दोनच घेतले तर?"

मी म्हटले, "नाही. पुढची चाके धरतील आणि मागची घसरतील. वळणावर मोटार भिंगरीसारखी फिरेल. घ्यायचे तर चार. आणि बाजूला तीन शिखरांचा डोंगर व त्यात हिमकण असे चिन्ह असेल, तेच घ्या. १९९९ पासूनची ती खूण आहे. बर्फावर कसाला उतरलेल्या टायरालाच ती मिळते. नुसती 'एम' आणि 'एस' ही अक्षरे ठशाची घडण तेवढी सांगतात. आणि पैसे वाया जात नाहीत. एक जोड वापरात असतो, तेव्हा दुसरा झिजत नाही."

"म्हणजे उन्हाळा आला की पुन्हा बदलायचे?"

"तर काय! आजोबा बंडी पाण्यात उभी करीत, तुम्ही चाके बदला. जागेवर नीट थांबणार असाल, तर इतका खटाटोप काही फार नाही."

दिवाळीनंतर भाचीने फोटो पाठवला. घराच्या तळघरात उन्हाळी टायर एकावर एक रचून ठेवलेले, आणि बाहेर मोटारीच्या नव्या चाकांना हळदकुंकू. दसऱ्याला आपण करतो तसे एका चाकाखाली लिंबूही ठेवले होते. मात्र तिथल्या दुकानात मिळणारे ते मोठे पिवळेधमक लिंबू होते.

जानेवारीत पुन्हा फोन आला. शाळेतून लेकीला आणताना चौकात पुढची गाडी एकाएकी थांबली. रस्त्यावर काचेसारखा बर्फ. जावईबापूंनी ब्रेक दाबला. मोटार किंचित सरकली, आणि पुढच्या गाडीपासून हातभर अंतरावर उभी राहिली. लेक मागे झोपली होती. तिला जागही आली नाही.

भाचीने एवढेच सांगितले. जावईबापू फोनवर आले तेव्हा म्हणाले, "मामा, आजोबांच्या त्या बैलाचे पुढे काय झाले?"

मी सांगितले, आजोबांनी त्याला विकले नाही. तो शेवटपर्यंत गोठ्यात होता, आणि दर पोळ्याला पहिला नैवेद्य त्याला मिळत असे.