कॉम्प्युटरची रॅम वाढवताय? आधी बोर्ड बघा, मग पैसे मोजा

सेवा केंद्रात सातबारा काढताना किंवा डेअरीत दुधाचं बिल करताना कॉम्प्युटर रखडला, की पहिला सल्ला मिळतो, 'रॅम वाढवा'. सल्ला बऱ्याचदा बरोबर असतो. पण चुकीची रॅम आणली तर ती खाचेत बसत नाही, नाहीतर बसूनही मशीन चालू होत नाही. मग तालुक्याला पुन्हा फेरी आणि पैसे अडकले ते वेगळेच.

गरज आहे का?
कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरी बघा. काम चालू असताना मेमरी ८०-९० टक्के भरत असेल तर रॅम वाढवून फायदा आहे. मेमरी मोकळी आणि डिस्क मात्र १०० टक्क्यांवर असेल, तर जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवलेली बरी. विंडोज ३२ बिटची असेल तर साधारण ४ जीबीच्या वर रॅम टाकून उपयोग नाही. आधी ६४ बिटची विंडोज टाकावी लागते.

कोणती रॅम?
डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात. एकीच्या जागी दुसरी बसत नाही, जोर लावू नका. डीडीआर३ ला २४० पिना असतात, बाकी दोघींना २८८.

प्रोसेसरच्या नावावरून अंदाज येतो. आय३-३२२० मध्ये रेघेनंतरचा ३ म्हणजे तिसरी पिढी. इंटेलच्या दुसऱ्या ते चौथ्या पिढीला डीडीआर३ लागते, आठव्या-नवव्या पिढीला साधारणपणे डीडीआर४. बाराव्या ते चौदाव्या पिढीत बोर्डानुसार डीडीआर४ किंवा डीडीआर५. एएमडीच्या एएम४ बोर्डला डीडीआर४, एएम५ ला डीडीआर५.

किती चालेल?
त्याच मेमरीच्या पानावर किती स्लॉट आहेत आणि किती भरलेत ते दिसतं. प्रत्येक बोर्डला मर्यादा असते. जुन्या एच६१ बोर्डवर जास्तीत जास्त १६ जीबी चालते.

इथे फसगत होते
- लॅपटॉपची रॅम आखूड असते, ती साध्या डेस्कटॉपला बसत नाही.
- सर्व्हरची जुनी रजिस्टर्ड रॅम स्वस्त मिळते, पण साध्या डेस्कटॉपवर चालत नाही.
- काही स्वस्त डीडीआर३ रॅम फक्त एएमडीच्या बोर्डवर चालते. इंटेलवाल्यांनी विचारूनच घ्यावी.
- दोन वेगळ्या स्पीडच्या रॅम एकत्र लावल्या तर दोन्ही कमी स्पीडने चालतात. शक्यतो सारखी जोडी घ्या.

दुकानात जाताना
मशीनची वायर काढून, कॅबिनेट उघडून जुन्या रॅमवरच्या स्टिकरचा आणि बोर्डवरच्या नंबरचा मोबाईलवर फोटो काढा. दुकानदाराला तोच दाखवा. पक्कं बिल घ्या आणि 'नाही चालली तर बदलून देणार' हे त्यावर लिहून घ्या.