नाव हाताशी असलं की
आता बघा, १९६१ साली टोकियोत डॉ. तोमिसाकू कावासाकींसमोर चार वर्षांचा एक मुलगा आला. ताप, लाल डोळे, पुरळ. कुठल्याच निदानात बसेना. १९६७ साली त्यांनी अशा ५० मुलांची नोंद छापली. आपोआप बरा होणारा ताप, असंच तेव्हा वाटलं. हृदयाच्या धमन्या फुगून मुलं दगावतात, हे पुढे शवविच्छेदनात कळलं.

एप्रिल २०२०. ‘करोना मुलांना सोडतो’ असं आपण म्हणत होतो ना? लंडनच्या डॉक्टरांना मात्र तेच चित्र दिसलं, कारण नाव हाताशी होतं. नावाने फसवलंही असतं. ही मुलं वयाने मोठी, रक्तदाब कोसळलेला, हृदयाचा स्नायूच थकलेला. विषाणू काही आठवड्यांपूर्वी येऊन गेलेला; उलटली होती ती प्रतिकारशक्ती. म्हणून मे महिन्यात वेगळं नाव आलं, ‘एमआयएस-सी’. कावासाकी ५ जूनला वारले, वय ९५.