दात रोज किडतो, तपासणी वर्षातून एकदा

मी दिवसा कोड लिहितो आणि रात्री इतिहास वाचतो. आजचा भाग दातांवर आहे. हसू नका, ऐका.

अंजनगाव सुर्जी म्हटलं की इतिहासवाल्यांना 1803 चा शिंदे आणि इंग्रजांचा तह आठवतो. बाकीच्यांना पानमळे. मला आठवतो चौथीतला तपासणीचा दिवस. डॉक्टरांनी तोंडात टॉर्च मारला, "दाढ किडली" म्हणाले आणि चिठ्ठी दिली. आई म्हणाली, "दुधाचाच दात हाय, पडून जाईन." चिठ्ठी दप्तरातच राहिली. सातवीत दाढ काढावी लागली. ती पक्की दाढ होती!

पहिली पक्की दाढ साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागं येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरी कुणाला कळतच नाही.

मग चूक आईची का? मला बरेच दिवस तसंच वाटायचं. पुढे सरकारी धोरणं वाचली आणि मत बदललं.

भारतात शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी 1909 साली बडोद्यात झाली. तेव्हा तिथं सयाजीराव गायकवाडांचं राज्य होतं. 1946 मध्ये भोर समितीनं लिहिलं की देशात शालेय आरोग्य सेवा जवळपास नाहीच. 1960 मध्ये केंद्रानं रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमली. कागदावर पोषण होतं, आरोग्यशिक्षण होतं. आमच्या वर्गापर्यंत पोचली ती फक्त टॉर्च आणि चिठ्ठी.

फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. हे पाऊल मोठं होतं. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतची मुलं, गाडीतून फिरणारं पथक, त्यात दोन आयुष डॉक्टर, नर्स, औषधनिर्माता. आजारांच्या यादीत दातही आले, उपचार मोफत झाले. पण पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं आणि शाळेत एकदाच. पुढच्या उपचाराला जिल्ह्याला जा म्हटलं, की आईबापाची एक दिवसाची मजुरी बुडाली.

आमच्या भाषेत सांगतो. बग रिपोर्ट दाखल झाला, पण फिक्स कुणाला असाइनच झाला नाही.

फिलिपिन्सनं उलटा विचार केला. तिथल्या 'फिट फॉर स्कूल' कार्यक्रमात मुलं शाळेतच रोज, शिक्षकांसमोर, फ्लोराइडच्या पेस्टनं दात घासतात आणि साबणानं हात धुतात. डॉक्टरची वाट बघायची गरजच नाही. दात रोज किडतो, तर उपायही रोजचाच हवा.

आपल्याकडे मे 2023 मध्ये राज्य सरकारनं स्वच्छ मुख अभियान आणलं, सचिन तेंडुलकर त्याचा चेहरा झाला. चांगलंच आहे. पण पोस्टरवरचा सचिन रोज ब्रश हातात देत नाही. शाळेत खिचडीआधी मुलं हात धुतात ना? मग खिचडीनंतर त्याच नळावर दोन मिनिटं ब्रश का नाही? त्यासाठी ब्रश, पेस्ट आणि वेळापत्रकात जागा लागते. ती जागा धोरणच देऊ शकतं.

तोवर एक काम करा. घरात सहा-सात वर्षांचं पोरगं असेल तर आज रात्री त्याचं तोंड उघडून बघा. समोरच्या मधल्या दातापासून एका बाजूला मोजत जा. सहावा दात दिसला, तर तो दुधाचा नाही. तो जन्मभर पुरवायचा आहे.

भेटू पुढच्या भागात!