ओझे, चढण आणि सायकलचे दाते

चढण लागताच सायकलवरून उतरून ती हाताने ढकलीत चालणारा माणूस आपण सर्वांनीच पाहिला आहे. मागच्या कॅरियरवर दुधाचे कॅन असतात, धान्याचे पोते असते, नाहीतर दूरच्या प्रवासाला निघालेल्याची वळकटी असते. पाहणारे म्हणतात, "दमला बिचारा!" पण मित्रहो, तो खरोखरच दमलेला असतो का? की त्याच्या सायकलचे दातेच त्याच्या ओझ्याशी जुळत नसतात? या साध्या दिसणाऱ्या प्रश्नावरून फ्रान्स देशात कित्येक वर्षे मोठा वाद चालला होता. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

आधी थोडा हिशेब पाहू. जुन्या काळी उंच चाकाची सायकल असे. तिची पायडले पुढच्या चाकालाच बसविलेली असत. पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचाही एकच फेरा. म्हणून वेग हवा तर चाक मोठे हवे, आणि चाक मोठे म्हणजे पडण्याची भीतीही मोठी! 1885 साली इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' सायकल पुढे आणली. तिची चाके बेताची होती आणि साखळी मागचे चाक फिरवीत होती. आता चाक लहान ठेवूनही दात्यांच्या जोरावर वेग मिळू लागला. मोजण्याची रीत मात्र जुनीच राहिली. पुढच्या चक्राच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागावे आणि चाकाच्या व्यासाने गुणावे. जे इंच येतात, तेवढ्या उंच चाकावर आपण जणू बसलो आहोत असे समजावे. यालाच गिअरचे इंच म्हणतात.

आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलचे चाक 28 इंची असते. पुढे 44 आणि मागे 18 दाते आहेत असे धरा. उत्तर येते सुमारे 68 इंच. म्हणजे पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे ठीकच आहे. पण माणूस, सायकल आणि ओझे मिळून 100 किलो वजन आहे आणि रस्ता दर 100 मीटरला 6 मीटर चढतो आहे, असे समजा. तासाला 6 किलोमीटरच्या चालीने गेले, तर या गिअरवर मिनिटाला जेमतेम 18 फेरे होतात, आणि नुसत्या चढणीपोटी पायांना सरासरी 30 किलोचा जोर सतत लावावा लागतो. याउलट पुढेमागे सारखेच, म्हणजे 28-28 दाते असले, तर गिअर 28 इंचांचा होतो. चाल तीच, पण फेरे 45 होतात आणि जोर 12-13 किलोवर येतो.

काम कुठे कमी झाले? मुळीच नाही. ओझे तेवढेच, चढण तेवढीच. पोते पाठीवर घेऊन माडीवर जाणारा हमाल दोन-दोन पायऱ्या एकदम चढत नाही. तो एकेक पायरी चढतो. त्याला कोणी दुबळा म्हणत नाही. गिअर लहान करणे म्हणजे पाऊल लहान टाकणे, एवढाच त्याचा अर्थ.

ही गोष्ट ज्याने आयुष्यभर लोकांना पटवून सांगितली, त्याचे नाव पॉल द विव्ही. 1853 साली जन्मलेला हा गृहस्थ आधी रेशमाचा व्यापारी होता. पुढे सेंत-एतियन या फ्रेंच गावी त्याने सायकलचा धंदा मांडला आणि 1887 साली सायकलस्वारांसाठी एक मासिक सुरू केले. त्यात तो 'वेलोसियो' या टोपणनावाने लिही. गावाबाहेर पडले की घाटच लागे. 1161 मीटर उंचीची 'रेपुब्लिक' नावाची खिंड त्याच्या नेहमीच्या वाटेवर होती. सामानासह लांबचा प्रवास करणाऱ्याला एकच गिअर पुरत नाही, हे त्या घाटानेच त्याला शिकविले. आरंभी त्याने पुढे दोन चक्रे बसविली आणि साखळी हाताने उचलून एकीवरून दुसरीवर टाकण्याची सोय केली. पुढे साखळी आपोआप सरकविणारी यंत्रे निघाली, त्यांचाही त्याने हिरिरीने पुरस्कार केला.

पण शर्यतवाल्यांना हे रुचले नाही. 1902 साली फ्रान्सच्या एका पर्यटन मंडळाने डोंगराळ मुलखात सायकलींची चाचणी घेतली. तीत मार्त एस या बाईने तीन गिअरच्या सायकलवर एकगिअरी सायकलवाल्या नाणावलेल्या शर्यतपटूला मागे टाकले. यावर आंरी देग्रांज या संपादकाने लिहिले, त्याचा आशय असा, की बदलते गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांना शोभतात. खरा विजय स्नायूंच्या बळावरच मिळवावा. हाच देग्रांज पुढल्या वर्षी 'तूर द फ्रान्स' शर्यतीचा जनक झाला. तेथील नामांकित शर्यतपटूंना गिअर बदलण्याचे यंत्र वापरण्याची परवानगी मिळाली ती थेट 1937 साली. तोपर्यंत घाटाच्या पायथ्याशी उतरायचे, मागचे चाक काढून उलटे बसवायचे आणि दुसऱ्या बाजूचे दाते वापरायचे, असा खटाटोप चाले. वेलोसियो 1930 सालीच वारला. हा बदल पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

यातले मर्म असे, की शर्यतपटूला ओझे नसते, पण त्याचा मापदंड ओझेवाल्याच्या माथी मारला गेला. ज्याला रोज पोते वाहायचे आहे, त्याने हलक्या सायकलवरच्या पैलवानाची ऐट का करावी? चढणीवर पाय सहज फिरणे यात कमीपणा काय आहे?

आता व्यवहाराचे बोलू. दुकानात 21 गिअरची सायकल मिळते. आकडा ऐकून भुलू नका. पुढची 3 चक्रे आणि मागची 7, एवढाच त्याचा अर्थ, आणि त्यांतले कित्येक गिअर जवळजवळ सारखेच असतात. दुकानदाराला एकच विचारा: "सर्वांत हलका गिअर किती इंचांचा?" सामान घेऊन घाटातून जायचे असेल, तर तो 25 इंचांच्या आसपास, शक्य तर त्याहूनही कमी असावा. पुढे 26, मागे 32 दाते आणि 28 इंची चाक असेल, तर उत्तर पावणेतेवीस येते, ते उत्तम. वरच्या टोकाची फार चिंता नको. उतारावर ओझेच सायकलला ढकलते. तेथे ब्रेक चांगले हवेत. आणि एकगिअरीच सायकल असेल, तर मागे 18 ऐवजी 22 दात्यांचे फ्रीव्हील बसवून पाहा. साखळी थोडी लांबवावी लागेल, सपाटीवर वेगही थोडा घटेल, पण 68 चे 56 इंच होतील.

शिक्षकबंधूंना एक सुचवितो. गुणोत्तराचा पाठ घ्याल, त्या दिवशी शाळेच्या आवारातल्या सायकलींचे दाते मुलांकडून मोजून घ्या. कोणाचा गिअर किती इंचांचा, ते फळ्यावर लिहा. मग घाटातून दूध आणणाऱ्याला त्यांतली कोणती सायकल द्यावी, असे मुलांना विचारा. उत्तर देताना मुले गणित तर शिकतीलच. शिवाय चढणीवर उतरून चालणाऱ्याला हसण्याआधी त्याच्या सायकलचे दाते मोजायलाही शिकतील.