फावल्या वेळेचा दोरा



गोधडी शिवत बसलेल्या बाईला दारावरून जाणाऱ्याने विचारलं, "काय चाललंय?" तर ती काय म्हणते? "काही नाही, बसलेय जरा." मांडीवर चार-पाच पदरांची जड वाकळ, हातात सुई, बोटाला टोचून टोचून घट्टे पडलेले, आणि तरी ती "बसलेय". आज आपल्याला या "बसलेय" शब्दाचा इतिहास बघायचा आहे. तो आपल्या ओसरीपासून सुरू होतो आणि पार आयर्लंडपर्यंत जाऊन येतो.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करू. शिवणं, विणणं यात सुख आहे. शेतात दिवसभर राबून आलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी तेच शेत पुन्हा खुरपायचं असतं, सकाळी घासलेली भांडी संध्याकाळी पुन्हा घासायची असतात. पण घातलेला टाका घातलेलाच राहतो. काल विणलेली क्रोशाची ओळ आज तिथेच असते. घरातल्या कामांमध्ये असं काम विरळाच. म्हणून साखळी, खांब, मुका खांब असं मनाशी मोजत बसलेली बाई खरोखर खूश असते, आणि त्या खुशीची कुणाला परवानगी मागायची गरज नाही.

गोधडीचं बघा. फाटलेलं लुगडं, विरलेलं धोतर, मुलांचे आखूड झालेले सदरे, यातलं काही टाकायचं नाही. पिकं निघाली, पाऊस अजून लांब आहे, अशा उन्हाळ्याच्या दिवसांत अंगणात किंवा ओसरीवर लुगडं ताणून पसरायचं, त्यावर तुकडे मांडायचे, वरून दुसरं लुगडं घालायचं आणि चारी बाजूंनी धावदोरा घालत आत आत जायचं. जुनंच कापड का? कारण शंभर वेळा धुतलेलं सुती कापड मऊ होतं, त्यातून सुई सहज जाते, आणि पदरांच्या मधे हवा अडकून राहते म्हणून ऊब धरते. बाळाच्या दुपट्याला तर आजीचं लुगडंच हवं. नव्या कापडाची खळ त्याच्या कातडीला टोचते. आता पॉलिस्टरच्या साड्यांच्या गोधड्या निघाल्या आहेत. रंग छान दिसतात, पण कापड टाक्यातून सरकतं, घाम शोषत नाही. माझं मत विचाराल तर त्या पांघरायला नव्हेत, खाटेवर अंथरून बघायला बऱ्या.

चिंध्या जोडण्याची ही विद्या फार जुनी. बौद्ध भिक्खू उकिरड्यावर, स्मशानात टाकलेली कापडं गोळा करून चीवर शिवत. विनयपिटकात अशी कथा आहे की, मगध देशातून जाताना भगवान बुद्धांना बांधबंदिस्तीची भातशेतं दिसली आणि त्यांनी आनंदाला विचारलं, असं चीवर शिवता येईल का? आनंदाने ते शिवलं. आजही भिक्खूंच्या चीवरावर शेताच्या बांधांसारख्या शिवणी दिसतात. आपल्याकडे गाडगेबाबा ठिगळं लावलेली वस्त्रं घालून गावोगाव फिरले, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. म्हणजे गोधडी पांघरणाऱ्या थोरांची नावं आपल्याला ठाऊक आहेत. शिवणाऱ्या बायांची मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत.

आता क्रोशाकडे येऊ.

एका आकडीच्या सुईने दोऱ्यातून दोरा ओढायचा, एवढंच ते काम. युरोपात श्रीमंतांच्या कपड्यांना लागणारी नाजूक लेस पूर्वी सुईने किंवा छोट्या रिळांनी करत. तिला फार वेळ लागे. आकडीने तसंच दिसणारं काम कितीतरी लवकर होई. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला. तिथला गरीब माणूस बटाट्यावरच जगत होता. पुढची काही वर्षं असा दुष्काळ पडला की, दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली. त्या काळात कॉर्क शहराजवळच्या जोगिणींच्या मठात आणि क्लोन्स नावाच्या गावात बायकांना क्रोशा शिकवला गेला. क्लोन्सला हे काम तिथल्या धर्मगुरूच्या बायकोने, कॅसान्ड्रा हँडने, सुरू केलं. तारेला बाक देऊन ती लाकडाच्या मुठीत बसवली की झाली सुई. एखाद्या घरात फक्त गुलाबच विणायचे, दुसऱ्या घरात फक्त पानं, आणि तिसरी बाई ते सगळं जाळीने जोडायची. आपल्या घरची नक्षी शेजारणीला कळू नये म्हणून जपत. या आकडीने अनेक घरांची चूल पेटती ठेवली, हे विसरून चालणार नाही.

त्याच सुमारास आपल्या देशातही हे काम आलं. आजच्या तेलंगणातल्या गोदावरीकाठी, दुम्मुगुडेम इथे, १८४४ च्या सुमारास मॅक्रे नावाच्या स्कॉटिश मिशनरी जोडप्याने बायकांना लेस शिकवली, असं सांगतात. गोदावरी म्हणजे आपलीच, नाशिकला उगवलेली. तिच्या मुखाजवळ, समुद्राला मिळते तिथे, नरसापूर आणि पालकोल्लू ही गावं. काम तिथे पसरलं. पुढे मिशनरी बाजूला झाले, व्यापारी आले, आणि माल परदेशी जाऊ लागला. रुमाल, टेबलावरची आच्छादनं, पलंगपोस, कपड्यांच्या कॉलरी.

या नरसापूरची गोष्ट आपल्याला कळली ती एका जर्मन बाईमुळे. मारिया मीस त्यांचं नाव. १९६३ पासून काही वर्षं त्या पुण्यात जर्मन भाषा शिकवत होत्या. तिथेच त्यांनी भारतीय बायकांच्या आयुष्याकडे बारकाईने पाहायला सुरुवात केली. १९७० च्या दशकाच्या शेवटी त्या नरसापूरच्या घराघरांत जाऊन बसल्या, आणि १९८२ साली त्यांचं लेस विणणाऱ्या बायकांवरचं पुस्तक आलं. त्यात जे आहे ते ऐका.

बायका घरचं सगळं उरकून दिवसाला सहा ते आठ तास विणत. व्यापाऱ्याचा माणूस दोरा द्यायला आणि माल न्यायला दाराशी येई. एकीने फुलं विणायची, दुसरीने जोडायची. त्यामुळे पूर्ण पलंगपोस कसा दिसतो हे कित्येकींनी पाहिलेलंही नसे, मग तो परदेशात कितीला विकतो हे कुठून कळणार? मजुरी वापरलेल्या दोऱ्यावर ठरे. दिवसाचा हिशेब केला तर हाती एक रुपयासुद्धा पडत नव्हता. त्याच गावात शेतावर मजुरीला जाणाऱ्या दलित बायका यांच्यापेक्षा जास्त कमावत होत्या.

मग लेसवाल्या बायका शेतावर का जात नव्हत्या? इथे खरी मेख आहे. त्यांतल्या पुष्कळ जणी शेतकरी जातीतल्या होत्या, आणि त्यांच्यात घराबाहेर न पडणं ही प्रतिष्ठा होती. "आमची बाई कामाला जात नाही, घरात बसून असते." व्यापाऱ्याच्या हे पथ्यावरच पडलं. जी काम करत नाही तिला मजुरी कसली द्यायची? ती तर रिकाम्या वेळात करमणूक करते, वर चार पैसे मिळतात, आणखी काय हवं? बाई गृहिणी ठरली, तिचं काम फावल्या वेळेचं ठरलं. जातीचा मान तिला घरात ठेवी, आणि घरात ठेवलेल्या बाईला कमी दरावर हुज्जत घालता येत नसे. सहा-आठ तास विणणं ज्याला फावला वेळ वाटतो, त्याने एकदा तरी तेवढा वेळ मान खाली घालून बसून बघावं. मानेत काय होतं, डोळ्यांत काय होतं, ते आपल्यातल्या क्रोशावालीला विचारा.

या नरसापूरच्या लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या पैठणीला, नाशिकच्या द्राक्षांना मिळालं आहे तसंच. आता दुसऱ्या गावच्या मालाला ते नाव लावता येत नाही. चांगलंच झालं. फक्त मानांकन मालाच्या नावाला मिळतं. विणणारीचा दर तेवढ्याने आपोआप वाढत नाही, तो वेगळा मागावा लागतो.

तसा तो मागितलाही गेला आहे, आणि आपल्या शेजारीच. अहमदाबादेत कापडगिरण्या जोरात होत्या तेव्हा तिथून चिंध्यांचे गठ्ठे निघत. व्यापारी ते विकत घेत आणि दर्यापूरसारख्या जुन्या वस्त्यांतल्या, बहुतेक मुसलमान, बायकांना देत. त्या घरी मशीनवर चिंध्या जोडून रजईच्या खोळी शिवत. मशीन बाईचं, दोरा बाईचा, जागा बाईची, आणि खोळीमागे मिळायचे ते पैसे. इला भट्ट यांनी १९७२ साली 'सेवा' ही संघटना काढली होती. तिची युनियन म्हणून नोंदणी करायलाच सरकारी कचेरी तयार नव्हती. या बायकांचा मालक कोण ते सांगा, मालकच नाही तर युनियन कसली, असा प्रश्न. म्हणजे तिथेही पुन्हा तेच, या तर घरी बसलेल्या बाया.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस खोळीवाल्या बायकांनी दर वाढवून मागितला. व्यापाऱ्यांनी काम देणंच थांबवलं. ज्यांचं रोजच्या खोळीवर रोजचं पीठ येतं त्यांना हे कसं झेपलं असेल, कल्पना करा. मग संघटनेने थेट गिरणीकडून चिंध्या विकत घ्यायला सुरुवात केली, बायकांनी त्या शिवल्या आणि स्वतः विकल्या. त्यातून त्यांची 'सबीना' नावाची सहकारी संस्था उभी राहिली. चिंध्या त्याच होत्या, हात तेच होते, आता भाव त्या स्वतः ठरवत होत्या. मला या सगळ्या इतिहासात हा भाग सर्वांत आवडतो, कारण यात कुणी बाहेरून येऊन उपकार केलेले नाहीत.

घरी बसून केलेलं काम हे काम नाही, असं कायदाही नेहमी म्हणत नाही. आपल्या सिन्नरच्या, सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बायका घरीच बसून विड्या वळतात. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने त्यांना कामगार मानलं. ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधी यांवरही त्यांना हक्क सांगता येतो. पानावर दोरा गुंडाळणारी कामगार, मग कापडात दोरा घालणारी कोण? १९९६ साली जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी करार मंजूर केला. त्यामागे 'सेवा'च्या बायकांची वर्षानुवर्षांची खटपट होती. आपल्या देशाने मात्र तो करार अजून स्वीकारलेला नाही.

आता आपल्याकडे या. हल्ली शहरात गोधडीला मागणी आली आहे. प्रदर्शनं भरतात, फोनवर फोटो टाकून ऑर्डरी येतात. गटातल्या बाया हौसेने शिवतात आणि भाव विचारला की म्हणतात, "द्या तुम्हाला योग्य वाटेल ते, घरातलंच तर आहे." इथे थोडं थांबा.

नातवाचं दुपटं, लेकीच्या रुखवतातला रुमाल, दारावरचं तोरण, हे आपल्या खुशीचं. त्याचा हिशेब करू नका. चुकलं तर उसवा, महिनाभर पडून राहिलं तरी कुणाचं काही अडत नाही. पण ज्या दिवशी गोधडी दुसऱ्यासाठी, ठरलेल्या तारखेला, त्याने सांगितलेल्या रंगात शिवायची, त्या दिवसापासून एक वही ठेवा. बसायच्या आधी घड्याळ बघा, उठताना बघा, लिहा. वापरलेलं लुगडं घरचं असलं तरी त्याची किंमत धरा. बोहारणीने त्याच्या बदल्यात भांडं दिलंच असतं की.

एक उदाहरण करून बघू. आकडे माझे, समजण्यापुरते. एका गोधडीला पंधरा दिवस लागले, रोज चार तास. झाले साठ तास. कापड, दोरा, सुया मिळून चारशे रुपये. घेणाऱ्याने बाराशे दिले. बाराशेतून चारशे वजा जाता आठशे उरले. आठशेला साठने भागा. तासाला तेरा रुपये तेहेतीस पैसे. आता तुमच्या गावात खुरपणीचा रोज काय आहे तो तासांनी भागून याच्या शेजारी लिहा.

पुढच्या बैठकीत गटातल्या दोघी-तिघींनी आपली खरी वही आणून हे गणित सगळ्यांसमोर करा. जो आकडा निघेल त्यावरून गटाचा एक दर ठरवा, आणि तो ठरेपर्यंत कुणी एकटीने ऑर्डर घेऊ नका. आणि हो, तुमच्या घरात आजीच्या हातची जुनी वाकळ असेल, तर ती कुणाची, कोणत्या साली शिवली, त्यात कुणाचं लुगडं आहे, ते तिला विचारून त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. शिवणारीचं नाव आधी.